करंगळीच्या एका पेरावरून माणसांची अख्खी शाखा? पटवून द्या राव

चहाटळ

मंडळी, शनिवारी रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर एक डॉक्युमेंट्री लावली आणि उरलीसुरली झोपही गेली. सैबेरियात अल्ताई डोंगरात डेनिसोवा नावाची गुहा आहे, तिथे २००८ साली खोदताना करंगळीच्या शेवटच्या पेराचा एक तुकडा सापडला, एका लहान मुलीचा, आणि २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी सांगून टाकलं की ही माणसांची वेगळीच शाखा आहे, आपल्यातली नाही आणि निअँडरथल या आपल्या नामशेष झालेल्या चुलत शाखेतलीही नाही. एक पेर! कवटी नाही, जबडा नाही, काही नाही.

आता मी काही सायन्सच्या विरोधातला माणूस नाही, पण आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलेलं ते दुरुस्त करायला साडेचार वर्षं गेली, मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, दोन साक्षीदार सगळं देऊन, आणि इकडे हजारो वर्षांपूर्वीच्या पोरीचं कूळ एका नखाएवढ्या हाडावरून काढतायत म्हणजे मला तरी पचेना. ते हाड ज्याने उचललं त्याच्याच घामाचा डीएनए त्यात गेला नसेल कशावरून? अस्वलाचं नाही कशावरून? आणि त्याच डॉक्युमेंट्रीत पुढे इराकमधल्या गुहेत निअँडरथल लोक मेलेल्याला फुलं वाहून पुरायचे असं दाखवलं, मागे बासरी वगैरे वाजत होती, ते बघून बायको म्हणाली की बघा, तेव्हाच्या माणसांनासुद्धा कळत होतं. म्हणजे मी लग्नाचा वाढदिवस विसरलो होतो त्यावरून.

आणखी एक. आपल्या सह्याद्रीत पावलोपावली गुहा आहेत, तिथे का नाही असं काही सापडत? जाणकारांनी सांगा, सोप्या भाषेत.

शंकासुर

त्यात न कळण्यासारखं काय आहे. "नवा मानव सापडला" म्हटलं की पुढची ग्रँट मिळते, "अस्वलाचं हाड सापडलं" म्हटलं की चहासुद्धा मिळत नाही.

खोदकाम_मावशी

चहाटळ, प्रश्न झकास आहे. शंकासुर, तुमचं नेहमीचंच.

मी पुण्यात पुरातत्त्व शिकले, दोन सीझन खोदकामाला गेले आणि मग पोटासाठी बँकेत लागले, त्यामुळे तज्ज्ञ वगैरे नाही पण वाचन सोडलेलं नाही. आधी तुमच्या घामाबद्दल. हा प्रश्न तुम्हाला पडला तसा त्या लोकांनाही पडतो, किंबहुना या विषयात सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच. जुना डीएनए कसा असतो सांगू का, वाळवी लागलेल्या पोथीसारखा. अखंड पान कुठेच मिळत नाही, नुसते चिटोरे, पन्नास-साठ अक्षरांचे, आणि चिटोऱ्याच्या कडेची अक्षरं बिघडलेली. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी हे अक्षर काळाच्या ओघात खराब होतं आणि मशीन ते टी असं वाचतं, आणि हे तुकड्याच्या टोकाला फार होतं. खोदणाऱ्याच्या घामातला डीएनए ताजा, त्याचे तुकडे लांब आणि टोकं शाबूत. त्यामुळे कोणता चिटोरा जुना आणि कोणता कालचा हे वेगळं काढता येतं. पुरावा म्हणून जी चीज वापरतात ती म्हणजे त्याची झीजच, हे मला फार आवडतं.

आता करंगळी. मार्च २०१० मध्ये जे जाहीर झालं ते फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएवरून, लाइपझिगच्या संस्थेत स्वांते पेबो आणि योहानेस क्राउझे वगैरे मंडळींनी काढलेलं. आपल्यात आणि निअँडरथलमध्ये त्या पट्टीत सरासरी २०२ ठिकाणी फरक पडतो, या मुलीत आणि आपल्यात ३८५ ठिकाणी पडला. जवळजवळ दुप्पट. हे घामाने होत नाही हो, कोणाच्याही. तरी ते लोक तिथे थांबले नाहीत, त्याच वर्षी डिसेंबरात पेशीच्या केंद्रातला डीएनए वाचून छापला, आणि त्याच गुहेत २००० साली सापडलेली एक अगडबंब दाढ होती तीही याच कुळातली निघाली. २०१२ पर्यंत तर त्या पेराच्या चिमूटभर भुकटीतून अख्खा जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, इतका स्वच्छ वाचला की प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा तपासलेलं. तुमच्या सातबाऱ्याला दोन साक्षीदार होते ना? इथे तीस.

आणि अस्वल म्हणाल तर, डेनिसोवात खरी अडचण तीच आहे. त्या गुहेत माणसांपेक्षा तरसांनी जास्त संसार केलाय. तरस हाड फोडतं, गिळतं, निम्मं पचवतं, त्यामुळे तिथल्या हाडांचे जे तुकडे मिळतात त्यातले बहुतेक डोळ्यांनी ओळखूच येत नाहीत, हरीण की घोडा की माणूस. मग ऑक्सफर्डमध्ये एमएस्सी करणाऱ्या सामंथा ब्राउन नावाच्या मुलीने काय केलं, असे दोन हजारांहून जास्त निनावी तुकडे घेतले, प्रत्येकाचा किंचितसा कण काढला आणि त्यातल्या कोलॅजेनची तपासणी केली. कोलॅजेन म्हणजे हाडातलं चिवट प्रथिन, प्रत्येक प्राण्याचं थोडं वेगळं, बोटाच्या ठशासारखं. एक तुकडा, दुसरा तुकडा, शंभरावा, पाचशेवा, सगळी जनावरं. कल्पना करा, तांदूळ निवडत बसल्यासारखं. आणि त्यात एक अडीच सेंटिमीटरचा तुकडा माणसाच्या घराण्यातला निघाला. त्याचा डीएनए २०१८ मध्ये छापून आला आणि सगळे उडालेच, कारण त्या पोरीची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवाकुळातला! सुमारे नव्वद हजार वर्षांपूर्वीची, तेराच्या पुढची मुलगी. थेट पहिल्या पिढीचा संकर, असं माणूस हाताला लागेल असं कोणी स्वप्नातही धरलं नव्हतं. तिला प्रेमाने डेनी म्हणतात.

एक गोष्ट माझी स्वतःची सांगते, शास्त्रज्ञ हातमोजे आणि मास्क लावून का खोदतात ते कळेल. पहिल्या सीझनला मला ट्रेंचमध्ये एक बरगडी मिळाली. मी आनंदाने वेडी झाले, कोणाला न विचारता ती पाण्याने दातांच्या जुन्या ब्रशने घासून लख्ख केली आणि ठिसूळ वाटली म्हणून वरून पातळ डिंकाचे दोन हात दिले. संध्याकाळी सरांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत बसले. पाणी लावलं, डिंक लावला, उघड्या हाताने धरलं, म्हणजे त्यातून पुढे काही काढायचं तर सगळं मीच बिघडवून ठेवलेलं. बरगडी शेळीची निघाली म्हणून वाचले. पण शंभर वर्षांपूर्वी जगभरच्या गुहांमधून जी हाडं निघाली त्यातल्या कित्येकांचं हेच झालंय, आणि ती शेळीची नव्हती.

फुलांचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

पिपेटवाला

मावशींनी माझं काम केलं. मी हैदराबादेत लॅबमध्ये असतो, आमचं काम जुन्या हाडांचं नाही पण शेजारच्या गल्लीतलं म्हणा. थोडी भर.

डेनिसोवाचं नशीब म्हणजे थंडी. गुहेतलं वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास, म्हणजे नैसर्गिक फ्रिज. आपल्याकडे काय होतं त्याचं उदाहरण घरचंच आहे, राखीगढी. गुहा नाही, हडप्पाकालीन दफनभूमी, आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्यात होते. ६१ नमुने तपासले आणि त्यातल्या फक्त एका बाईच्या हाडांतून कामापुरता डीएनए मिळाला, २०१९ मध्ये तो पेपर आला. बरं हे जेमतेम साडेचार हजार वर्षांपूर्वीचं, आणि नमुना कुठला तर कानाच्या आतल्या भागाभोवतीचं हाड, जे शरीरातलं सगळ्यात घट्ट, ज्यात डीएनए टिकायची आशा सगळ्यात जास्त. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीची भाजी सकाळी टिकत नाही तर डीएनए काय टिकणार.

अजून एक, हे वाचून तुमचा विश्वास बसो न बसो, पण गुहेतल्या हाडाचा तुमच्या-आमच्याशी थेट संबंध आहे. क्रोएशियात विंदिया नावाची गुहा आहे. आपला विंध्य नाही हो, विंदिया. तिथल्या सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथल बाईचा जीनोम वाचलेला आहे. २०२० मध्ये कोविडवर काम करताना कळलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा ज्यांच्यात असतो त्यांना आजार गंभीर व्हायचा धोका जास्त, आणि तो तुकडा अक्षर न् अक्षर जवळजवळ त्या विंदियाच्या बाईसारखा. युरोपात तो साधारण १६ टक्के लोकांत आहे आणि आपल्या दक्षिण आशियात साधारण ५० टक्क्यांत. म्हणजे हा धागा वाचणाऱ्या दर दोघांतल्या एकाकडे ही वडिलोपार्जित इस्टेट असू शकते, सातबारा न काढता मिळालेली.

तिबेटी लोकांना उंचीवर विरळ हवेत त्रास होत नाही तो जनुक तर डेनिसोवा लोकांकडून आलाय. तेव्हा शंकासुर, ग्रँट कोणाला मिळाली ते सोडा, वारसा सगळ्यांना मिळालाय.

शंकासुर

बरं, डीएनए मान्य. गपचूप मान्य करतो म्हणजे मी मूर्ख नाही हे सिद्ध होईल. पण मग स्पेनच्या त्या विहिरीचं काय? मला आठवतंय, आधी म्हणाले हे डेनिसोवाचे नातेवाईक, मग तीन वर्षांत फिरवलं आणि म्हणाले नाही नाही, हे निअँडरथलचे पूर्वज. असं पलटी मारलेलं चालतं का तुमच्यात?

पिपेटवाला

चालतं नाही, तेच चालायला पाहिजे :)

तुम्ही म्हणताय ती जागा म्हणजे उत्तर स्पेनमध्ये बुर्गोसजवळ आतापुएर्का, तिथली सीमा दे लोस वेसोस, अर्थ सरळ "हाडांचा खड्डा". गुहेच्या पोटात तेरा मीटर खोल उभी विहीर आहे आणि तळाशी अस्वलांच्या हाडांबरोबर माणसांची साडेसहा हजारांहून जास्त हाडं, निदान २८ जणांची, सुमारे ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीची. इतक्या जुन्या हाडातून डीएनए निघतो हाच चमत्कार. २०१३ मध्ये मांडीच्या हाडातून आधी फक्त आईकडचा डीएनए निघाला, तो डेनिसोवाच्या जवळचा दिसला. आईकडचा डीएनए म्हणजे फक्त आई, तिची आई, तिची आई, एवढीच एक रेघ. तुमचं आडनाव बघून तुमच्या आजीच्या माहेरचं कळेल का? तसंच. २०१६ मध्ये केंद्रातला डीएनए हाती लागला, त्यात हजारो पूर्वजांची सरमिसळ असते, आणि मग चित्र बदललं, ही माणसं निअँडरथलच्या फांदीवरची. आधी मिळालं ते छापलं, जास्त मिळालं ते छापलं. पलटी नाही ती, पुढचं पान आहे.

दातकोऱ्या

सीमाचं नाव निघालं आणि दाताचं कोणी बोलत नाही म्हणून लॉगिन केलं. मी डेंटिस्ट, नाशिक रोड साइडला.

तिथली पाच नंबरची कवटी जगातल्या सगळ्यात अखंड जुन्या कवट्यांपैकी एक आहे, तिला मिगेलोन म्हणतात, मिगेल इंदुराइन या सायकलपटूवरून. त्याच्या वरच्या डाव्या जबड्याचा फोटो झूम करून बघा, दात तुटलेला, त्यातून पू होऊन हाड पार खाल्लेलं आणि सूज डोळ्याच्या खोबणीपर्यंत गेलेली. माझ्याकडे असा पेशंट आला तर मी त्याला आधी ओरडतो आणि मग अँटिबायोटिक देतो. त्या बिचाऱ्याला कोण देणार? किती दिवस कळवळला असेल तो, गुहेच्या बाहेर चार लाख वर्षांपूर्वीची थंडी आणि तोंडात ही ठणक. लोक म्हणतात हाडं बोलतात, मला तरी दातच जास्त बोलताना दिसतात.

का ते सांगतो. इनॅमल, म्हणजे दातावरचं आवरण, हे शरीरातलं सगळ्यात कडक, डीएनए गेला तरी इनॅमलमधली प्रथिनं टिकतात. त्यात एका प्रथिनाचे दोन प्रकार, एक एक्स गुणसूत्राचा आणि एक वायचा. वायचा सापडला म्हणजे पुरुष, विषय संपला, कटीचं हाड असो नसो. तुमच्या त्या इराकच्या गुहेत, शनिदर तिचं नाव, २०१८ मध्ये जी नवीन निअँडरथल कवटी निघाली ती बाईची असावी हे याच इनॅमलच्या प्रथिनांवरून ठरवलं. ती कवटी वरून दगड पडून चपटी झाली होती, सगळी मिळून जेमतेम दोन सेंटिमीटर जाड, हाड इतकं मऊ की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. दोनशेहून जास्त तुकडे जोडून तिचा चेहरा उभा केला आणि २०२४ मध्ये तो जगाला दाखवला. आमच्याकडे तुटलेली डेन्चर जोडताना तीन तुकडे असले तरी मी चिडतो.

तिबेटच्या पठाराच्या कडेला शियाहे म्हणून जागा आहे, तिथल्या गुहेत १९८० साली एका बौद्ध भिक्षूला अर्धा जबडा सापडला. हाडाला चिकटलेल्या खनिजाच्या खपलीतलं युरेनियम मोजून किमान १ लाख ६० हजार वर्षं वय निघालं, डीएनए शून्य, पण दाढेच्या आतल्या भागातल्या प्रथिनांवरून २०१९ मध्ये कळलं की हा डेनिसोवा. म्हणजे करंगळीनंतर पहिल्यांदा जबडा मिळाला, तोही सैबेरियाच्या बाहेर. चहाटळ, तुमची तक्रार होती ना की जबडा नाही म्हणून. घ्या. आणि २०२५ मध्ये हार्बिनची अख्खी कवटीसुद्धा डेनिसोवाची निघाली, आणि तिथे डीएनए कुठून काढला तर दातावरच्या किटणातून! जे मी दिवसाला दहा जणांचं खरवडून बेसिनमध्ये टाकतो. त्या दिवसापासून थोडं वाईट वाटतं टाकताना.

समोरच्या दातांवरचे ओरखडेपण बघायला मिळतात सीमाच्या लोकांचे. मांस दातात धरून दगडी पात्याने कापायचे, कधी पातं दातावर घसरायचं, आणि ओरखड्याच्या तिरकेपणावरून कळतं की बहुतेक जण उजवे होते.

घाटवाटा

सह्याद्रीचा प्रश्न माझ्या वाट्याचा. राव, आपला सह्याद्री काळ्या पत्थराचा, बेसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हाडं टिकतात ती चुनखडीच्या गुहेत, कारण तिथलं पाणी चुना घेऊन झिरपतं, हाडाला आम्ल लागत नाही आणि वरून खनिजाची खपली बसते. सह्याद्रीत आपण ज्याला गुहा म्हणतो त्यातल्या बऱ्याच तर माणसांनी छिन्नीने कोरलेल्या लेणी आणि टाकी, त्या दोन-अडीच हजार वर्षांच्या आतल्या. उरलेल्या ज्या नैसर्गिक कपारी त्यात वटवाघळं, साळिंदर आणि चार महिने धो धो पाऊस. काय राहणार.

चुनखडीच्या गुहा बघायच्या तर आंध्रात जा, बेलम. तीन किलोमीटरहून लांब, आत घाम आणि अंधार. तिथून फार लांब नाहीत बिल्लासुरगमच्या गुहा, रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या इंग्रज भूगर्भवाल्याने १८८०च्या दशकात स्वतःच्या पोराला हाताशी घेऊन खणलेल्या, जनावरांची हाडं ढिगाने निघाली. आणि दक्षिणेत अजून खाली श्रीलंकेत तर फा हियेन लेना, बटाडोंबा लेना, तिथे तीस हजार वर्षांपेक्षा जुनी आपल्यासारख्या माणसांची हाडं निघालीयत, पावसाळी जंगलात! ते "लेना" म्हणजे काय माहितीय? सिंहलीत गुहा. आपल्या नाशिक-कार्ल्याच्या प्राकृत शिलालेखांत "लेण" येतं, तेच. हे कळल्यावर मी ऑफिसात एकटाच हसत बसलो.

गुहेत शिरणं हा काय प्रकार असतो ते मात्र वाचून कळत नाही. दक्षिण आफ्रिकेत रायझिंग स्टार गुहेत २०१३ मध्ये रिक हंटर आणि स्टीव्हन टकर हे दोन हौशी गुहावाले एका फटीतून खाली घसरले आणि तळाला हाडांचा सडा दिसला. ती फट एका जागी फक्त १८ सेंटिमीटर रुंद आहे. वीत लावून बघा आता, माझी वीत २२ आहे. प्रोफेसर ली बर्गर स्वतः मावेनात, म्हणून त्यांनी फेसबुकवर जाहिरात टाकली, बारीक अंगाचे, गुहेची सवय असलेले, शिकलेले लोक पाहिजेत. सहा जणी निवडल्या, सगळ्या बायका. त्यांनी दीड हजारांहून जास्त हाडं वर पाठवली, निदान १५ जणांची. मी एकदा एका भुयारात कमरेला अडकलो होतो वीस मिनिटं, कोणता किल्ला ते सांगत नाही, त्यानंतर या बायकांना मनातून दंडवतच घालतो.

खोदकाम_मावशी

आले. भात झाला.

घाटवाटा, तुम्ही रायझिंग स्टारच्या त्या हाडांचं, म्हणजे होमो नालेदी या जुन्या मानवाचं काढलंत ते बरं झालं, कारण शंकासुर, तुमची शंका जिथे वापरायला हवी ती जागा इथे आहे, डीएनएमध्ये नाही. हाडं कोणाची, वय किती, आजार काय, हे मोजून काढतात. पण हे शरीर "पुरलंय" की "पडलंय", हे मोजता येत नाही, ते मातीवरून वाचावं लागतं आणि वाचणाऱ्याचा जीव त्यात अडकतो.

होमो नालेदीचा मेंदू आपल्या एक-तृतीयांश एवढा, वय साधारण २ लाख ३५ हजार ते ३ लाख ३५ हजार वर्षांच्या मधलं. २०२३ मध्ये बर्गरच्या टीमने म्हटलं की हे लोक आपली माणसं तिथे पुरत होते. पण त्याचं परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञांनी ते उघडपणे म्हटलं की पुरावा अपुरा आहे. पुरलं म्हणायचं तर खड्ड्याची कड दिसायला हवी, खणलेली माती वेगळी दिसायला हवी, हाडं सांध्यात जोडलेली हवीत. पाण्याने, उताराने, वरून घसरून हाडं एका कोपऱ्यात गोळा होतात हेही असतंच.

आणि फुलं. शनिदरची गुहा इराकच्या कुर्दिस्तानात, राल्फ सोलेकी यांनी १९५१ ते १९६० मध्ये खणली, दहा निअँडरथल निघाले. चौथ्या नंबरच्या सांगाड्याजवळच्या मातीत परागकणांचे पुंजके सापडले, आणि साठच्या दशकाच्या शेवटी ही बातमी आली तेव्हा जगाला फार हवीहवीशी वाटली, रानटी समजलेला माणूस मेलेल्याला फुलांच्या शेजेवर निजवतो. बासरी तिथूनच आली, चहाटळ. पण मग एकेकजण विचारायला लागला. त्या गुहेत बिळं करणारे उंदरासारखे प्राणी आहेत, ते फुलांची बोंडं ओढून बिळात साठवतात. २०२३ मध्ये असंही मांडलं गेलं की मातीत घर करणाऱ्या एकांड्या मधमाश्यांनी ते पराग आणले असतील, कारण पुंजक्यात मिसळलेली झाडं एकाच ऋतूत फुलणारी नव्हतीच. वर कहर म्हणजे तो सांगाडा मातीच्या ढेपेसकट लाकडी खोक्यात घालून टॅक्सीच्या टपावर बांधून बगदादला नेला होता. त्या रस्त्याने! खाली अजून दोघातिघांची हाडं त्याच ढेपेत होती हे नंतर कळलं.

पण थांबा, म्हणून शनिदरच्या लोकांना माया नव्हती असं म्हणू नका. त्याच गुहेतला एक नंबरचा पुरुष बघा. डाव्या डोळ्याजवळ जबर मार, बहुधा त्या डोळ्याने दिसत नसावं. उजवा हात वाळलेला, कोपराच्या आसपास संपलेला. कानाच्या नळीत हाड वाढून ऐकू येणंही गेलेलं. आणि हे सगळं भरून आलेलं आहे, म्हणजे या जखमांनंतर तो कित्येक वर्षं जगला, चाळिशी पार केली. आपल्या आधी कोणी त्याला खायला घातलं असेल, कोणी वाटेवरून हाताला धरून नेलं असेल. तसंच सीमाच्या खड्ड्यातली ती मुलगी, बेंजामिना म्हणतात, कवटीचे सांधे वेळेआधी जुळल्यामुळे डोकं वाकडं वाढलेलं, तरी दहाएक वर्षांची झाली. आणि त्याच खड्ड्यात सतरा नंबरच्या कवटीच्या कपाळाला एकाच हत्याराचे दोन घाव आहेत, मरतेवेळचे, न भरलेले, म्हणजे कोणीतरी समोरून मारलं. माया आणि खून दोन्ही एकाच खड्ड्यात. फुलांची गरजच काय आहे मला सांगा.

आपल्याकडचं एक सांगून थांबते. गुहेतलं नाही पण इनामगावचं, घोड नदीकाठचं, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-एक सीझन खणलेलं. ताम्रपाषाण काळातली शेतकरी वस्ती, तीन हजार वर्षांपूर्वीची. तिथे तान्ही मुलं दोन रांजणं तोंडाला तोंड लावून त्यात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरलेली, आणि मोठ्यांच्या पुरणांत घोट्याखाली पाय तोडलेले. का तोडले? परत चालत येऊ नये म्हणून, असं बरेच जण म्हणतात. असेल. पण हाडावर कापल्याची खूण दिसते, "परत येऊ नये" ही खूण कुठे नसते, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेलं.

शंकासुर

टॅक्सीच्या टपावर! मावशी, आजपासून मी तुमच्या बाजूचा. वर्षभर ग्रँटबद्दल बोलणार नाही.

पिपेटवाला

आठवडाभर टिकलात तरी पेढे.

चहाटळ

सगळ्यांचे खरंच आभार, रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसलो. पेराचं पटलं. मला वाटत होतं शास्त्रज्ञ एका तुकड्यावरून गोष्ट रचतात, पण गोष्ट रचली गेली ती फुलांची, आणि तीच मी बिनतक्रार गिळली होती कारण बासरी छान होती. बायकोला मधमाश्यांचं सांगितलं. ती म्हणाली मधमाश्या काही का असेना, वाढदिवस विसरलात तो विसरलातच.

दातकोऱ्या, तुम्हाला एक विचारायचं होतं. काल लेकीचा पहिला दुधाचा दात पडला, खालचा पुढचा. आई म्हणते कौलावर फेक आणि उंदराला सांग, तुझा दात दे म्हणून. आम्ही चौथ्या मजल्यावर, कौलं नाहीत, गच्चीला सोसायटीचं कुलूप. तर तो दात सध्या फ्रिजवर काडेपेटीत आहे, हात न लावता चिमट्याने उचलून ठेवलाय, तुमचं वाचूनच. धुवायचा की नाही?

दातकोऱ्या

धुवा हो. कोरडा करून ठेवा. आणि काडेपेटीवर नाव न् तारीख घाला, बॉलपेननं नाही, पेन्सिलीनं. शाई उडते.

खोदकाम_मावशी

आणि डिंक लावू नका.